पाकियालामेरा पुरिंग

नव्होतासच्या मासळी बंदरामागची आमची गल्ली इतकी अरुंद, की एका घरात लसूण परतला की तिसऱ्या घरात शिंका येतात. इथे कोण कोणाच्या भानगडीत नाही ते सांगा! तरी 'पाकियालामेरा' हे नाव चिकटलं एकट्या आलिंग पुरिंगला, आलिंग म्हणजे मावशी. आणि पाकियालामेरा म्हणजे चोंबडी, नसती उठाठेव करणारी. गल्लीतले बाप्ये बाकावर पीत बसून दिवसभर तेच करतात, त्यांना कोणी काही म्हणत नाही.

पुरिंगचं खिडकीएवढं दुकान. गजांतून ती साबण, सुटी सिगारेट, व्हिनेगरची पिशवी द्यायची आणि वर फुकटचा सल्ला. वैताग होता नुसता, मीसुद्धा तिच्याशी कडाकडा भांडलेय. पण कोणाचं पोर तापाने फणफणलं, की रिक्षा थांबवायला तीच धावायची.

शेजारच्या मिलाची पोरगी अर्लिन आखातात घरकामाला जायची ठरली. न्यायला आलेली एजंटबाई पुरिंगने लगेच ओळखली. पलीकडच्या गल्लीतली मुलगी हिनेच नेली होती आणि त्या मुलीचा फोन कधीचा बंद होता. पुरिंगने हे भर गल्लीत सांगितलं. मिला पेटलीच. माझ्या पोरीचं नशीब उघडतंय तर हिच्या पोटात का दुखतंय, म्हणाली, आणि तडक बारांगायच्या, म्हणजे आमच्या वस्तीच्या, पंचांकडे गेली. पंच निकाल देत नाहीत, समेट घडवतात. दोघींना हात मिळवायला लावले आणि पुरिंगकडून सगळ्यांसमोर वदवून घेतलं, की यापुढे मी दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणार नाही. लोक फिदीफिदी हसले. मला असा संताप आला होता!

त्यानंतर पुरिंग फक्त वस्तू द्यायची आणि सुटे पैसे.

जायच्या आदल्या दिवशी मिलाने गल्लीला पानसितच्या शेवया खाऊ घातल्या. पुरिंगला बोलावणं नव्हतं. अर्लिनच झाकलेली बशी घेऊन खिडकीशी आली. मी तिथेच मीठ घेत होते. बशी आत सरकवली तरी पोरगी हलेना.

"आलिंग, आई काही ऐकत नाही," ती हळूच म्हणाली. "तुम्ही सांगा, जाऊ का नको?"

जन्मात पहिल्यांदा कोणीतरी पुरिंगला आपणहून विचारत होतं. तिने तोंड उघडलं. मग मिलाच्या दाराकडे पाहिलं.

"मी कोण सांगणारी, बाळा? तुझं तू बघ."

अर्लिन गेली. सुरुवातीला फोन यायचे, मग थांबले. एजंटबाईच्या ऑफिसात आता केस कापायचं दुकान आहे. सरकारी कचेरीत मिला खेटे घालून दमली.

हल्ली ती पुरिंगच्या खिडकीखाली येऊन बसते. दोघी बोलत नाहीत. परवा मात्र मिलाने वर न बघताच विचारलं, "आलिंग, उभ्या आयुष्यात तुम्ही कोणाचं ऐकलं नाहीत. मग माझंच का ऐकलंत?"