शकुंतलाची गोळी आणि गल्लीतले फुकटे वैद्य

रामनगरात आमच्या गल्लीत कुणी नुसतं शिंकलं तरी चार वैद्य दारात उभे राहतात. फी नाही, शिक्षण नाही, संकोच तर त्याहून नाही. शकुंतला गावडे या लोकांच्या तावडीतून सुटली ती कशी, ते सांगण्यासारखं आहे.

शकुंतलाची पिठाची गिरणी आहे. नवरा लक्ष्मण भातशेती बघतो; गिरणीचा सगळा कारभार मात्र तिचा. पोती उचलणं, पट्टा बदलणं, झिजून गुळगुळीत झालेल्या दगडांना छिन्नीने टाकी लावणं, सगळं ती एकटी करायची. पहिल्यापासून धडधाकट आणि तोंडाने फटकळ. पीठ जाड आलं म्हणून कुणी कुरकुरलं, तर "घरी जातं हाय का? मग बस दळत" असं ऐकवणारी बाई.

अशा बाईला मोटर सुरू करायची भीती वाटायला लागली. बटणाजवळ हात नेला की छाती धडधडायची, तळवे ओले व्हायचे. पट्टा तुटेल, कुणाचं तरी बोट सापडेल, असं सारखं वाटायचं. मग जेवणावरची वासना गेली, झोप उडाली. मुलीची, प्राजक्ताची वेणी घालता घालता ती रडायला लागायची आणि का रडते ते तिलाच सांगता यायचं नाही. गिरणी आठवड्यातून चार दिवस बंद राहायला लागली.

झालं, वैद्यमंडळ जमलं. समोरच्या इंदुबाईने दृष्ट काढली. एकीने पाळी जायचं वय म्हणून हात झटकले. कुणीतरी उळवीच्या देवाला जाऊन यायला सांगितलं. तिथेही बिचारी जाऊन आली. पण या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे तिचा दीर गणपती. हा गृहस्थ दिवसभर कट्ट्यावर बसून मोबाईलवर आरोग्याचे व्हिडिओ बघतो आणि कुठल्याशा कंपनीच्या चूर्णाचे डबे विकतो. त्याचं निदान तयार होतं.

"वैनीला काय झालं न्हाई. काम कमी पडालंय. रिकामं डोकं म्हटलं की असंच व्हायचं."

हे कुणी म्हणावं? ज्याने वर्तमानपत्रापेक्षा जड वस्तू आयुष्यात उचलली नाही त्याने, पोती उचलणाऱ्या बाईला.

लक्ष्मण कमी बोलणारा माणूस. तो वाद घालत बसला नाही. त्याने तिला दवाखान्यात नेलं. हृदयाचा आलेख काढला, तो ठीक निघाला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, तालुक्याच्या गावी, जोयड्याच्या सरकारी दवाखान्यात ठरलेल्या दिवशी मनाच्या डॉक्टर येतात, त्यांना दाखवा. "म्हणजे वेड्यांच्या?" शकुंतलाने विचारलं आणि बसमध्ये ती सगळी वाट खिडकीकडे तोंड करून बसली.

त्या डॉक्टरीणबाई कानडी बोलणाऱ्या. शकुंतलाला कानडी घरच्यासारखं येतं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी मध्येच न तोडता तिचं ऐकून घेतलं. शेवटी बाईंनी सरळ विचारलं, "जगू नये असं वाटतं का कधी?" शकुंतलाने लक्ष्मणकडे बघितलं आणि होकाराची मान हलवली. लक्ष्मणचा चेहरा उतरला. त्याला हे ठाऊकच नव्हतं.

"हा आजार आहे आणि तो बरा होतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही गोळी रोज एक. आज घेतली आणि उद्या बरं वाटलं असं होणार नाही. काही आठवडे लागतील. सुरुवातीला मळमळेल, कदाचित धडधड थोडी वाढेलसुद्धा. सहन होईना तर या, पण स्वतःहून बंद करू नका. बरं वाटायला लागलं तरी पुढे कितीतरी महिने घ्यायची. सोडायची तेव्हा मी हळूहळू कमी करून देईन. दुसरं कुठलंही औषध, अगदी खोकल्याचं किंवा झाडपाल्याचं, मला विचारल्याशिवाय नाही." मग लक्ष्मणकडे वळून म्हणाल्या, "सध्या यांना एकटं सोडू नका. मरणाचे विचार वाढले तर ठरलेल्या दिवसाची वाट बघू नका. तडक दवाखाना गाठा."

पहिले दिवस वाईट गेले. तोंड कोरडं पडायचं, जेवण बघून ढवळायचं. लक्ष्मण शेतावर जाताना तिला बरोबर न्यायचा, बांधावर बसवायचा. मग एका सकाळी चहा पिऊन ती स्वतःहून म्हणाली, "च्या मला अजून दे." एवढंच. पण लक्ष्मण ते सांगताना अजून हसतो. महिना-दीड महिन्यात गिरणीचा आवाज गल्लीत पुन्हा यायला लागला आणि पीठ जाड आल्याची तक्रार करणाऱ्याला पुन्हा उत्तर मिळायला लागलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण वैद्यमंडळाला रोगी बरा झालेला कसा बघवेल?

प्राजक्ताला बघायला खानापूरकडचे पाहुणे येणार होते. गणपती लगबगीने आला.

"वैनी, त्या गोळ्या पाहुण्यांच्या नजरेला पडल्या तर? आई वेडी म्हणून पोरीचं लग्न मोडंल की. आनी तू तर आता बरी हाईस. सोड त्या. सवय लागती त्याची. हे चूर्ण घे, सगळं नैसर्गिक."

बोलणं नेमकं वर्मी लागलं. पोरीचं नाव काढलं की आई काय करणार? शकुंतलाने लक्ष्मणला न सांगता गोळ्या एकदम बंद केल्या आणि चूर्ण सुरू केलं.

थोड्याच दिवसांत तिला गरगरायला लागलं. मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं व्हायचं. भलती स्वप्नं पडायची, घाम यायचा, चिडचिड व्हायची, रडू आवरायचं नाही. एके दुपारी गिरणीत धान्य ओतताना तिचा तोल गेला आणि ती चालू पट्ट्याच्या बाजूला कलली. प्राजक्ताने दंड धरून मागे ओढलं म्हणून वाचली.

गणपती बघायला आला आणि काय म्हणावं त्याने? "बघ, मी म्हणालो नव्हतो? नशा हाय नशा. सोडली की असं होतंय." स्वतः लावलेल्या आगीत उभं राहून धुराकडे बोट दाखवणारा असा माणूस मी दुसरा बघितला नाही.

लक्ष्मणने पुन्हा जोयडा गाठला. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "ही नशा नाही. शरीराला गोळीची सवय झालेली असते, ती एकदम काढून घेतली म्हणून हा त्रास. शिवाय आजार अजून पुरता गेलेला नव्हता." चूर्णाचा डबा उलटसुलट करून बघितला. आत काय आहे ते कुठेच धड लिहिलेलं नव्हतं. "हे बंद," त्या म्हणाल्या, आणि गोळी त्यांच्या सांगण्याप्रमाणे पुन्हा सुरू झाली.

परत आल्यावर लक्ष्मण थेट कट्ट्यावर गेला. चार माणसांसमोर त्याने डबा गणपतीच्या मांडीवर ठेवला. "तूच खा," म्हणाला. आयुष्यात त्याने भावाला सुनावलेलं बहुधा तेवढंच.

पाहुणे आले. शकुंतलाने त्यांना स्वतःच सांगितलं, मला असा आजार होता, औषध चालू आहे. मुलाच्या आईने पोह्यांची बशी अर्धी टाकली. घरी जाऊन निरोप पाठवला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका त्यांनी मागितलीही नव्हती. "बरं झालं," प्राजक्ता म्हणाली, "तापाची गोळी घेतली असती तरी मोडलं असतं यांनी." तिने पुढे नर्सिंगला नाव घातलं आणि लग्नाचं बोलणं मागे पडलं.

यानंतरचा तमाशा बघण्यासारखा होता. जी इंदुबाई "वेड्याच्या गोळ्या" म्हणून पदराआड हसायची, तीच दळण घेऊन आली आणि इकडे तिकडे बघत हळूच म्हणाली, "शकू, मला बी झोप लागंना बघ. तुझ्यातल्या दोन दे की."

"माझ्या मापाची गोळी तुला कशी देऊ, अक्का? तू बीपीच्या घेतीस, त्यात काय तरी उलटं व्हईल. चल, मी येतो तुझ्यासंगट जोयड्याला."

"नको ग बाई! लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणजे तूच की," शकुंतला म्हणाली.

इंदुबाई पीठ घेऊन गेली. अजून झोपत नाही, आणि अजून जोयड्यालाही गेलेली नाही. मात्र दुसऱ्यांच्या दुखण्यावर तिचे उपाय चालूच आहेत. शकुंतलाची गोळी डॉक्टरीणबाईंनी आता कमी करत आणली आहे. मध्ये एकदा कमी केल्यावर धडधड परत जाणवली, तेव्हा थांबून, काही दिवस तीच मात्रा ठेवून मग पुढे गेल्या. घाई कुणालाच नाही. आजही कट्ट्यावरून कुणीतरी विचारतं, "अजून सुटल्या न्हाईत काय गं गोळ्या?" ती त्याला त्याच्या दळणाचा नंबर सांगते आणि धान्याचा पुढचा डबा ओढते.