आत्याच्या विमानाची मूठ

पुष्क्या, मधे बोलू नकोस, आधी नुसतं ऐक.

दुपार. मी कॉम्प्युटरसमोर, हेडफोन कानात, डोळे मिटतायत. समोर स्क्रीनवर वासंतीआत्याचं विमान, ते दोन सीटचं, शिकवायचं. विमान उडवायच्या सिम्युलेटरमध्ये वेगळं डाउनलोड करून घातलंय. जाहिरातीत काय, तर 'हुबेहूब'! आत्या फ्लाइंग क्लबात शिकवायची. मागच्या वर्षी उतरताना इंजिन बंद पडलं आणि ती गेली. चौकशीवाले म्हणतात, डावी टाकी संपली, टाकी बदलायची मूठ उजव्या टाकीकडे फिरवायला ती विसरली. हरकत घ्यायची मुदत आज पाचपर्यंत. आणि माझ्याकडे पुरावा आहे ना! चाळीस वेळा तेवढ्याच पेट्रोलवर मूठ न फिरवता उतरवलंय, इंजिन एकदाही बंद पडलं नाही. व्हिडिओ जोडून मेल तयार.

डोळे मिटतात आणि शेजारच्या सीटवर आत्या. पट्टा लावतेय.

"केद्या, पेट्रोल बघ."

बघतो. दोन्ही टाक्यांचे काटे एकदमच खाली येतायत.

"मूठ डावीकडे आहे ना? मग उजवी टाकी का रिकामी होतेय?"

मी मूठ उजवीकडे फिरवतो, काटे तसेच.

"अरे ठोंब्या, ही मूठ नुसती फिरते, कशाला जोडलेलीच नाही. आणि हे तू साहेबांना पाठवणार?"

"पण जाहिरातीत..."

"त्या जाहिरातवाल्यानं थंडीत माझं विमान सुरू करून दाखवावं एकदा!"

माझं डोकंच फिरतं. दोन महिने घातलेत मी! तोंडातून निघतं, "म्हणजे तू विसरलीसच?"

आत्या पदर खोचते. आम्ही तिच्या स्वयंपाकघरात आहोत. ओट्यावर शेगडीच्या जागी तीच मूठ, आणि खिडकीत धावपट्टी जवळ जवळ येतेय.

"फिरव," ती म्हणते.

फिरवतो. हलत नाही.

"अशीच अडायची. दोनदा बिघाडाच्या वहीत लिहिलं मी. क्लबचे मेकॅनिक तेल घालायचे, चार दिवसांनी परत तेच."

"कुठली वही? कुठे असते ती?"

"आधी जोर लाव रे! जमीन बघ!"

दोन्ही हातांनी पिळतो. मूठ ढिम्म. खिडकीत नुसतं गवत.

दचकून उठतो. चार चाळीस. स्क्रीनवर विमान आपलं मजेत उडतंय, आणि दोन्ही काटे, खरंच सांगतो, एकदमच उतरतायत. चाळीस वेळा ते काटे माझ्यासमोर होते, मी एकदाही पाहिले नव्हते! म्हणजे माझा पुरावा कचरा. आणि ही वही खरंच आहे का, कुणाला विचारू? मला कुणी सांगितलं म्हणून लिहू?

हा तळहात बघ. आडवं सोललंय. माझ्या टेबलावर माऊस आणि कीबोर्डशिवाय काही नाही.

वीस मिनिटं हातात, पुष्क्या. माझ्या जागी तू असतास तर काय पाठवलं असतंस?