पेटीवरचं पुस्तक

माझा थोरला भाऊ एका फिरत्या नाटक मंडळीत पेटी वाजवायचा. आम्ही जाफराबादच्या बाजूची शेतकरी माणसं. आमच्यात त्याच्याआधी कुणी पेटीला हात लावलेला नव्हता, आणि माझ्याआधी कुणी शाळेत फार वर गेलेलं नव्हतं. मी जालन्याला शिकलो आणि तिथंच मास्तर झालो. राज्य निजामाचं, त्यामुळं शाळेत सगळं उर्दूतून. मराठी वाचायचं ते वाचनालयातून आणून. दादा गावात जेमतेम दुसरीपर्यंत गेला होता. नीट वाचायला तो मंडळीतच शिकला, नाटकाच्या वह्यांवरून.

तो प्रयोग चालू असतानाच वाचायचा. पद संपून नुसतं बोलणं सुरू झालं की पेटीवाल्याला काम नसतं. पुस्तक पेटीवर उघडं ठेवलेलं असे. पुढं बसलेल्या लोकांना वाटायचं, त्यात सूर लिहिलेले असतील. पुढच्या पदाआधीचं वाक्य आलं की त्याचे हात आपोआप चालू होत आणि डोळे पुस्तकातच राहत. एकदा रंगभूमीवर राजपुत्र मरत असताना दादा हसला. मालकानं नंतर विचारलं तेव्हा तो म्हणाला, "माझ्या पुस्तकात फौजदार विहिरीत पडला होता."

त्याला चोरीच्या आणि खुनाच्या कादंबऱ्याच लागत. मंडळी बदनापूरला उतरणार असली की मी जालन्याहून गाडीनं जाऊन स्टेशनावर पुस्तकं बदलून देई. मी मधूनमधून चरित्रं आणि इतिहास देऊन पाहिले. ते तो न कुरकुरता घेई आणि पुढच्या खेपेला तसेच परत करी. "मास्तर," मला तो मास्तरच म्हणायचा, "यात पुढं काय व्हनार ते समद्या गावाला ठाऊक हाय. मंग वाचायचं कशाला?" शेवटचं पान आधी उघडायचं नाही, हा त्याचा एकच नियम होता. खुणेला तो पेटीतली एक मोडकी पितळी पट्टी ठेवायचा.

घरी आला की वाचलेलं सगळं वहिनीला सांगायचा. वहिनीला अक्षरओळख नव्हती. ती तुरी पाखडत ऐकायची आणि मध्येच चोर सांगून मोकळी व्हायची. शेवटच्या पुस्तकात एका सरदाराच्या घरातला रत्नहार बंद खोलीतून गेला होता. दादाचा संशय सरदाराच्या मामावर होता.

"वैद्यानं नेला," वहिनी म्हणाली.

"तो कशाला नेईल? येकदाच तर आल्ता घरात."

"येकदाच आला म्हनून तर. रोजच्या मानसाला हार रोज दिसतो."

"तुला कथेतलं बिलकुल कळत न्हाई."

"बरं. मामाला धरा मंग, आन् मला येऊन सांगा."

हेच पुस्तक घेऊन तो धावड्याला गेला होता. धुळीनं खराब होऊ नये म्हणून तो पुस्तक लाल फडक्यात बांधायचा. मंडळी ज्यांच्या घरी उतरली होती, तिथल्या म्हातारीनं सकाळी पेटीवर लाल फडक्यातलं पुस्तक पाहिलं आणि पोथी समजून त्याला हळदकुंकू वाहिलं. वर फूल ठेवलं. दादा दात घासून येईपर्यंत चार बायका हात जोडून बसल्या होत्या.

"महाराज, येक अध्याय सांगा," म्हातारी म्हणाली.

खरं सांगावं तर म्हातारीची शोभा होणार. त्यानं फडकं सोडलं, पेटीवर एक सूर धरला आणि फौजदार नोकरांची जबानी घेतो ते प्रकरण संथ आवाजात वाचलं. बायका शेवटपर्यंत हलल्या नाहीत. एक जण उठताना म्हणाली, "आमच्या दिराकडं बी आशीच चोरी झाल्ती. देवाला समदं ठाऊक असतं."

कुंकवाचा डाग पुठ्ठ्यातून आतल्या पानावर उतरला. वाचनालयाला मी दुसरी प्रत आणून दिली आणि ही दादाला ठेवून घ्यायला सांगितलं. मधे दोन दिवस तो घरी येऊन गेला, तेव्हा वहिनी त्याला महाराजच म्हणत होती.

त्या दौऱ्यातच तो तापानं आजारी पडला. मंडळीनं त्याला बैलगाडीतून घरी आणून सोडलं. मी पोहोचलो तेव्हा बोलणं थांबलेलं होतं. त्याच रात्री तो गेला. पेटी मंडळीची, ती परत गेली. पुस्तक उशाशी होतं आणि पितळी पट्टी शेवटाच्या पाच-सहा प्रकरणं अलीकडे.

त्याला मूलबाळ नव्हतं, त्यामुळं विधी माझ्याकडे आले. दहाव्याला नदीवर निघताना वहिनी दारापर्यंत आली. "भावजी, कावळा न्हाई शिवला तर पुस्तकाचं बोला."

मी हो म्हणालो. मनात मात्र, ते बोलायची वेळ येऊ नये, असं होतं.

पिंड ठेवला. कावळे झाडावर होते, पण खाली येईनात. चुलते पुढं होऊन म्हणाले, शेत पडीक पडू देणार नाही. कावळे तिथंच. मग म्हणाले, सुनेला अंतर देणार नाही. ऊन चढत चाललं होतं. कुणी म्हणालं, त्याला पेटी घ्यायची होती स्वतःची. कुणी म्हणालं, मंडळीच्या मालकाशी वाकडं होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी शिकलेला माणूस, माझा यावर विश्वास नव्हता. पण घरी वहिनी वाट पाहत होती आणि तिला जाऊन काय सांगायचं हे मला सुचत नव्हतं.

मी हात जोडून म्हणालो, "दादा, पुस्तक पुरं करतो. वहिनीला शेवटापर्यंत वाचून दाखवतो."

थोड्या वेळानं एक कावळा उतरला. त्या शब्दानं उतरला की आम्ही चार पावलं मागं सरलो होतो म्हणून, हे मी अजून ठरवलेलं नाही.

त्याच दुपारी वाचायला बसलो. सुतकात घरात पोथी लावतात, म्हणून शेजारपाजारचे येऊन बसले. पुस्तक लाल फडक्यात होतं, वर कुंकू होतं. कुणी काही विचारलं नाही. मी पट्टी होती तिथून सुरुवात केली आणि आवाज पोथीचाच ठेवला. दुसऱ्या दिवशी माणसं वाढली. ही पोथी नाही हे एव्हाना बऱ्याच जणांना कळलं असावं, कारण एक शेजारीण वहिनीच्या कानाशी लागून म्हणाली, "मामाच असनार."

तेराव्याच्या आदल्या दिवशी शेवटचं प्रकरण आलं. फौजदारानं वैद्याची औषधाची पेटी उलटी केली आणि तळाच्या कप्प्यातून रत्नहार बाहेर पडला. मी वाचत राहिलो. वहिनीकडे पाहिलं नाही. शेवटची ओळ संपवून पुस्तक मिटलं.

शेजारचे आबा सगळे दिवस पहिल्या रांगेत बसले होते. त्यांना ऐकू कमी येई. पोथी संपली की ऐकण्याचं फळ सांगतात, त्याची ते वाट पाहत होते. मी फडकं बांधायला लागलो तेव्हा त्यांनी विचारलं, "फळ काय सांगितलंय, मास्तर?"

वहिनी भिंतीशी बसली होती. तिनं पदर सारखा केला आणि आबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "वैद्याला धरलं, आबा."

आबांनी समाधानानं हात जोडले.

मग पुस्तकाकडे बघून, दादा घरी असताना जशी बोलायची तशी ती म्हणाली, "मी म्हन्लं व्हतं." आणि उठून सगळ्यांना पाणी द्यायला आत गेली.