पेपरातलं कात्रण

लवंगेच्या तेलाचा वास आला की मला नगरमधला तो दातांचा दवाखाना आठवतो. तीसेक वर्षं झाली असतील. पाथर्डीकडच्या आमच्या गावात बोअरच्या पाण्यानं सगळ्यांचेच दात तपकिरी, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटत नसे. धाकटी बहीण नगरच्या कॉलेजात गेली आणि तिथल्या मुलींनी विचारलं, "मिश्री लावतेस का गं?" तेव्हापासून ती तोंडावर रुमाल धरूनच बोलायची. लेझर किरणांनी दातांवरचे डाग जातात, असं पेपरातलं कात्रण घेऊन ती मला त्या दवाखान्यात घेऊन गेली. "आक्का, हे न्हाई झालं तर मी कॉलेज सोडनार," असं तिनं बाकड्यावरच सांगून टाकलं. डॉक्टरांनी कात्रण वाचून परत दिलं. "ते मशीन आपल्याकडे नाही, बाई. परदेशातसुद्धा अजून काढलेल्या दातांवरच प्रयोग चाललेत." "मग माझे काढा की," बहीण म्हणाली. डॉक्टर हसले, ती हसली नाही. मी रागावले, समजावलं, हात जोडले. माझं काही चाललं नाही आणि दुसऱ्या दिवशी तिची ट्रंक घरी आली. परवा दवाखान्यात माझ्या दातांवर तोच लेझर किरण दहा मिनिटं फिरला आणि डाग पुसट झाले. बहिणीसाठी विचारणार होते, पण तिला आता कवळी आहे.