ओळीची पहिली सहा अक्षरं

मंडळी, आज भंडाऱ्याच्या बस स्टँडवर माझा जुना वैरी भेटला!

ऐंशीच्या दशकात मी तुमसरच्या एका राईस मिलमध्ये कॉम्प्युटर चालवायचो. नव्या प्रिंटरची चिपच खराब होती. प्रत्येक ओळीची पहिली सहा अक्षरं ती गिळायची. धानाच्या चिठ्ठ्यांवर शेतकऱ्यांची नावं अर्धी! कंपनीचा इंजिनिअर सगळ्यांसमोर म्हणाला, "चिप चांगली आहे, तुलेच अक्कल नाही."

मग मी प्रिंटरच्या ड्रायव्हर प्रोग्राममध्ये प्रत्येक ओळीआधी सहा फालतू अक्षरं घातली. चिप ती खायची, नावं पूर्ण छापून यायची. इंग्रजी लिपीत 'गाढव' लिहायला बरोबर सहा अक्षरं लागतात. मी तीच घातली.

त्याच इंजिनिअर साहेबाने माझ्या प्रोग्रामची फ्लॉपी नेली आणि स्वतःची म्हणून कंपनीच्या सगळ्या गिऱ्हाइकांना वाटली. पुढे कंपनीने सगळ्या प्रिंटरमध्ये सुधारलेली चिप बसवून दिली, आणि त्या सगळ्यांकडे ओळीओळीला गाढव छापून येऊ लागलं!

आज स्टँडवर तोच साहेब, आता म्हातारा झालेला, विचारतो, "काहून केलं तुम्ही तसं?"

मी म्हटलं, "साहेब, मी तर गाढव लपवूनच ठेवलं होतं. चिप सुधरवून बाहेर तुम्हीच काढलं."

मी माफी मागायला पाहिजे होती का? मी तर चहालेही विचारलं नाही.