जालना जिल्हा क्षमस्व

जावई आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो. बूट काढता काढता विचारतात, "काय आई, या आठवड्यात नळ आला का?" आणि स्वतःच हसतात. जावई पुण्याचे. म्हणजे मूळचे नगरकडच्या कुठल्याशा खेड्यातले, पण वडिलांनी कोथरूडला फ्लॅट घेतला तेव्हापासून पुण्याचे.

मी भूगोलाची बाई. जालन्याच्या एका शाळेत तीस वर्षं नकाशे लटकवले, निवृत्त झाले, तरी आवाज काही खाली आलेला नाही. जावयांनी नळाचा विषय काढला की मी सुरू होते. तुम्ही ज्या बाराव्या मजल्यावर राहता त्याच्या खांबातली सळई कुठून आली? जालन्याहून. कुठल्याही कृषी केंद्रात जा आणि बियाण्याची पिशवी उलटी करून पत्ता वाचा. जालना. उन्हाळ्यात ज्यूस सेंटरवर उभे राहून मोसंबीचा रस पिता, ती मोसंबी कुठली? आणि मागच्या महिन्यात तुमच्या सोसायटीत टँकरची रांग लागली होती, ती काय बाग शिंपायला? सळई, बियाणं, मोसंबी, टँकर. क्रम ठरलेला. जावई हात वर करतात, लेक कपाळावर हात मारते, आणि आमचे हे पेपरामागून म्हणतात, "हिला नगराध्यक्ष करायला पाहिजे होतं."

पुण्याचं एक वेळ सोसवतं. संभाजीनगरचं, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचं, मला अजिबात सोसत नाही. साठ किलोमीटरवर बसलेत आणि तोरा असा की जणू लेणी यांच्या आजोबांनी सुट्टीच्या दिवशी कोरली. पाण्याचे हाल आमच्यासारखेच, रस्त्यांचे आमच्याहून वाईट. तरी आमची अर्धी माणसं बाहेरगावी गेली की गाव विचारल्यावर "संभाजीनगर" सांगतात. लेकीच्या सोसायटीतल्या एका बाईंनी मला विचारलं होतं, "जालना म्हणजे विदर्भात ना?" मी त्यांच्याच फ्रिजवरचं कॅलेंडर उलटं करून मागे नकाशा काढून दाखवला. त्या "अय्या हो का" म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या. लेक नंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

हा अभिमान माझ्यापुरता राहिला असता तर काही बिघडलं नसतं. मी तो मुलाच्या गळ्यात घातला.

मुलगा लेकीहून चार वर्षांनी लहान. इंजिनिअर झाला आणि पुण्याजवळ चाकणला नोकरीला लागला. तिघं मिळून एका खोलीत राहायचे, कंपनीच्या बसमध्ये त्याचे रोजचे तीन तास जायचे. फोनवर आवाज कायम झोपाळलेला. मी त्याच्यामागे लागले. दर रविवारी तेच. तिथे कोण विचारतं तुला, इथे कारखान्यांची कमी आहे का, समृद्धी महामार्ग झाला की गाव ओळखू येणार नाही, मुंबई जवळ येईल, लोक उलटे इकडे येतील. भूगोल शिकवलेल्या माणसाला एक खोड असते, नकाशावर रेघ दिसली की तिथे भरभराट दिसायला लागते. शेवटी तो आला. इथल्या एका सळईच्या कारखान्यात तपासणीच्या विभागात लागला. तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. दुपारी जेवायला घरी यायचा, दुसरी भाकरी मागून घ्यायचा, आणि मी शेजारणींना सांगत सुटायचे की बघा, शहाणी मुलं अशी परत येतात.

मग आम्ही स्थळं बघायला लागलो.

पुण्याकडच्या मुलींचे बायोडाटा मागवले, आमचा पाठवला. कुणी उलट फोनसुद्धा केला नाही. एक वर्ष गेल्यावर आम्ही संभाजीनगरवर आलो. माझ्या जिवावर आलं, पण आले. तिथल्या एका गृहस्थांनी चहा पाजला, मुलाचं शिक्षण विचारलं, पगार विचारला, सगळं पसंत पडलं, आणि मग म्हणाले, "जालन्यालाच राहणार का हे कायम?" त्यांच्या सुरात इतकी काळजी होती की मला मुलाला काही आजार असल्यासारखं वाटलं. पुढे आम्ही बदनापूरला गेलो. बदनापूर म्हणजे आमच्याच वाटेवरचं तालुक्याचं गाव, वीसेक किलोमीटरवर. मुलगी रोज रेल्वेनं संभाजीनगरला नोकरीला जायची. तिचे वडील सरळ माणूस. म्हणाले, "बाई, पोरगी चार वर्षांपासून त्या दिशेला जाऊन राह्यली. आता उलट्या गाडीत कशी बसवू तिला?" मला त्यांचा रागही आला नाही. त्यांचं बोलणं बरोबर होतं.

अशी सहा वर्षं गेली. मुलाचे केस कपाळावरून मागे सरकले. दुपारच्या जेवणाला तो डबा न्यायला लागला, कारण गल्लीत शिरला की ओट्यावरच्या बायका "काय मंग, जमलं का कुठं?" विचारायच्या. लग्नाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी बायोडाटा पडतात. मी चष्मा लावून आधी खालची "अपेक्षा" वाचते. पुणे, पुणे, मुंबई, बंगळूर, पुणे. नावं वाचायची वेळ येतच नाही.

आता जावयांसमोर मी कधीच बोलत नाही ती गोष्ट सांगते. लेकीच्या लग्नाच्या वेळी तिचा बायोडाटा मी माझ्या हातानं लिहिला होता. माझं अक्षर चांगलं, शाळेतल्या फळ्यावरचे सुविचार मीच लिहायचे. त्या कागदाच्या शेवटी मी लिहिलं होतं : "अपेक्षा – पुणे-मुंबईस नोकरी, स्वतःचे घर. जालना जिल्हा क्षमस्व." हात जरासुद्धा अडखळला नाही. तेव्हाही मी याच गावाची बाजू घेऊन सगळ्यांशी भांडत होते. लेकीचा प्रश्न आला तेव्हा मात्र मी अभिमान कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

त्याच सुमारास दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या एक बाई त्यांच्या मुलासाठी विचारायला आल्या होत्या. मुलगा बियाण्याच्या कंपनीत, शांत, आमच्या लेकीला शाळेपासून ओळखणारा. मी त्यांना बशीत लाडू दिला आणि म्हटलं, "मुलगा लाखात एक आहे हो, पण हिला जरा मोठं शहर हवंय." लेक आत होती. तिला मी विचारलंच नव्हतं. बाईंनी लाडू अर्धाच खाल्ला. त्या आता मंडईत भेटतात, माझ्या मुलाची चौकशी करतात, आणि मी आधी भाजीकडे बघते.

या वर्षी गणपती उठल्यावर राजूरजवळच्या एका खेड्यातलं स्थळ आलं. शेती करणारं घर, मुलगी बी.एस्सी. झालेली. त्यांनीच सुचवलं की घरी नको, राजूरला गणपतीच्या देवळात भेटू, म्हणजे जमलं नाही तर गावात चर्चा नको. चतुर्थी नसलेला दिवस धरला, गर्दी नव्हती. दर्शन झालं आणि आम्ही सगळे बाहेरच्या हॉटेलात चहाला बसलो. मुलगा आणि मुलगी शेजारच्या टेबलावर. ती हसत होती. बऱ्याच दिवसांनी माझा मुलगा समोरच्याकडे बघून बोलत होता. मला कारखान्यातलं काहीतरी ऐकू आलं, सळई कशी वाकवून बघतात ते तो हातानं दाखवत होता आणि ती मधेच काही विचारत होती. मी मनात लग्नाची तारीखसुद्धा काढली. खोटं कशाला सांगू, मी मांडवाची जागाही ठरवली.

मुलीची आई माझ्याच वयाची. हात कष्टानं खरबरीत झालेले. कप खाली ठेवून म्हणाली, "पोरगा लाखात एक हाय, बाई. पण हिला जरा मोठं शहर पाह्यजे."

मी म्हटलं, "अहो, जालना काही लहान नाही." आणि माझं चालू झालं. सळई म्हटलं, बियाणं म्हटलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते समदं खरं हो. पण आमचं आयुष्य असंच गेलं. हितून पाऊण तासावर येऊन हिनं पुन्हा नळाचीच वाट पाहायची का? मंग शिकवलं कशाला?" मुलगी तिकडे अजून बोलत होती. तिला कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. मी कुठल्या तोंडानं सांगणार होते की तिला विचारा?

परत येताना मुलगा गाडी चालवत होता, मी शेजारी. हे मागे डोळे मिटून बसले होते. दोन्ही बाजूंना कपाशी उभी होती. राजूर मागे पडल्यावर मी म्हटलं, "तू परत पुण्याला जा."

"आता कोण घेऊन राह्यलं आई तिकडं," तो म्हणाला. "माझ्या खोलीवरचे दोघं मॅनेजर झाले. मी गेल्तो एकदा इंटरव्ह्यूला, तुला सांगितलं न्हाई. त्यांच्याच हाताखालची जागा होती. तीपण मिळाली न्हाई."

मला ते माहीतच नव्हतं. तो कधी गेला, कुठे राहिला, काय खाल्लं, काहीच माहीत नव्हतं. थोडं पुढे गेल्यावर मला राहवेना. मी म्हटलं, "मला तुला एक सांगायचंय. ताईच्या वेळी मी तिच्या बायोडाट्यावर लिहिलं होतं..."

"जालना जिल्हा क्षमस्व," तो म्हणाला. "माहितीय. तो कागद टायपिंगला मीच नेल्ता. कॉलेजात होतो तवा. टायपिंगवाला म्हणे, हे असंच ठेवायचं का, तुम्ही तर जालन्याचेच. मी म्हटलं, आईनं लिहिलंय, बराबर असंल."

"मंग मी बोलावलं तेव्हा आलास कशाला?" एरवी मी घरातही शाळेतलं मराठी बोलते. त्या वेळी बोलता आलं नाही.

त्यानं समोरच्या ट्रॅक्टरला जागा दिली, तो पुढे गेल्यावर गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली आणि म्हणाला, "तू बोलावलंस म्हणून. मला वाटलं, तवा तुला भरवसा नव्हता, आता आलाय. तू भूगोलाची बाई. तुला आमच्यापेक्षा जास्त कळत असंल."

तो रागानं बोलला असता तर मी रडून मोकळी झाले असते. त्यानं नुसतं सांगितलं. मागे हे जागे होते, मला आरशात दिसत होतं.

दिवाळीला लेक आणि जावई आले. पुण्याच्या ट्रॅफिकमधून बाहेर पडायलाच त्यांना अडीच तास लागले होते, तरी जावयांचा मूड चांगला. बूट काढता काढता म्हणाले, "काय आई, नळ आला का?"

मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. सवयीनं तोंड उघडलं. मग मला मुलाची पाठ दिसली, तो दिवाणावर बसून मोबाईल बघत होता. मी नुसता तांब्या जावयांच्या हातात दिला. जावई वाट बघत राहिले. लेकीनं "आई, बरं नाही का?" विचारलं. हे पेपर खाली घेऊन बघायला लागले. सगळे माझ्याकडे बघत होते.

तेव्हा मुलगा मोबाईल बाजूला ठेवून म्हणाला, "दाजी, तुमच्या बाराव्या मजल्याच्या खांबातली सळई कुठली?" जावई खूश झाले. त्यांनी लगेच हात वर केले. मुलगा पुढे म्हणत गेला. कृषी केंद्र, पिशवीवरचा पत्ता. मग ज्यूस सेंटर, मग मोसंबी. शेवटी सोसायटीतले टँकर. आवाज वर नाही, खाली नाही. जावई खळखळून हसत होते, आणि लेकसुद्धा हसली.

सगळं म्हणून झाल्यावर त्यानं माझ्याकडे बघितलं. पाठांतर म्हणून दाखवल्यावर वर्गातली पोरं बाईंकडे बघतात, तसं. क्रम बरोबर होता. एकही चूक नव्हती. तीस वर्षांत मी कितीतरी पोरांना त्या क्षणी "शाब्बास" म्हटलं असेल. त्याला म्हणू शकले नाही.