चौकटीवरच्या सहा खुणा

भूत, करणी, बाहेरची बाधा असलं काही मी मानत नाही. इथे लोक अनुभव लिहितात ते मी दुपारच्या मंदीत दुकानात बसून चवीने वाचतो आणि मनातल्या मनात प्रत्येकाला उत्तर देतो... उंदीर असेल, वारा असेल, झोपेत असशील. तेव्हा उद्या कोणी मला असंच उत्तर दिलं तर रागावणार नाही. आणि हा अनुभव घाबरलो म्हणून लिहीत नाहीये. लाज वाटते म्हणून लिहितोय. ती लाज कोणाजवळ तरी ओकून टाकायची होती, म्हणून तुमच्याजवळ.

आम्ही आदिलाबादला राहतो. माझं कापडाचं छोटं दुकान आहे - ब्लाउज पीस, अस्तर, साडीचे फॉल, मॅचिंग. मागच्या हिवाळ्यात आम्ही कापूस मार्केटच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या घरात आलो. दोन मोठ्या खोल्या, स्वयंपाकघर आणि कोपऱ्यात एक बारकी खोली. घर जुनं, पण चौकटी अस्सल सागवानी. घरमालक नरसय्या म्हातारा भला माणूस. "रंगबिंग तुमचा तुम्ही बघा, मी काही विचारणार नाही," असं तो हिंदीत म्हणाला आणि किल्ली देऊन मोकळा झाला.

ती बारकी खोली आमच्या ओवीला द्यायची ठरली. ओवीला तेव्हा नुकतीच चार वर्षं पूर्ण झाली होती. मला अशा कामांची भारी हौस. मोबाईलवर व्हिडिओ बघायचे आणि घरातल्याच टाकाऊ वस्तूंचं काहीतरी करायचं. फळवाल्याकडून सफरचंदाच्या लाकडी पेट्या आणून त्यांचं पुस्तकांचं कपाट केलं. फुग्यावर फेविकॉलमध्ये बुडवलेली सुतळी गुंडाळून दिव्याचं झुंबर केलं. दुकानातल्या कापडाच्या कतरणींच्या तिकोनी पताका शिवल्या. सासुरवाडीहून, म्हणजे बेल्याहून, वाळलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काड्या आणल्या आणि आरशाला त्यांची चौकट लावली. भिंतीवर भेंडी कापून रंगाचे ठसे मारले, अगदी फुलांसारखे उमटतात, करून बघा. प्रत्येक गोष्टीचा फोटो मी ग्रुपवर टाकायचो आणि लोक वाहवा करायचे. मी हवेत होतो, खोटं कशाला बोलू.

राहिली होती फक्त दाराची चौकट. तिच्या डाव्या बाजूला चाकूने पाडलेल्या सहा आडव्या खाचा होत्या. खालून वर, एकावर एक. प्रत्येक खाचेत थोडा थोडा रंग भरलेला... लाल, हिरवा, आणि सगळ्यात वरच्या खाचेत गुलाबी. आधीच्या भाडेकरूच्या पोराटोरांचे उद्योग असतील, म्हणून मी दुर्लक्ष केलं.

मग एका गुरुवारी फोन आला. आधीचे भाडेकरू देवराव. बसवर ड्रायव्हर, आता उटनूरला राहतात. नंबर नरसय्याने दिला होता.

"प्रकाशभाऊ, त्या बारक्या खोलीच्या चौकटीवर आमच्या रेणूच्या उंचीच्या खुना हायेत. दर पोळ्याले पाडत होतो मी. बैलाच्या शिंगाचा रंग उरला का त्यात भरत होतो, तिले लय आवडे. तेवढ्यावर रंग नका मारू. मी आयतवारी येतो, कागदावर उतरून घेतो."

मी सहज विचारलं, "रेणू आता कितवीला आहे?"



"गेली भाऊ ते. तापानं गेली, मांगच्या साली. घर सोडताना त्या चौकटीकडं पाह्याची हिंमत नाई झाली मले. आता तिची माय मनते, पोरगी माह्या खांद्याले लागत होती. मी मनतो, नाई, एवढी नोती. रोज त्यावरून आमचं चालू राह्यते. खरं सांगू का, आता दोघाईलेबी आठवत नाई."

"या ना भाऊ, अवश्य या. मी हातसुद्धा लावत नाही," मी म्हणालो. तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

शनिवारी दुपारी मी चौकट घासायला घेतली.

कारणं हवीत? आहेत ना, ढीगभर आहेत. ऑइल पेंट आणून ठेवला होता. रविवारी संध्याकाळी बायकोचे आईवडील खोली बघायला यायचे होते. पण खरं कारण वेगळंच होतं. दोन दिवस मला सारखं वाटत होतं की आपल्या पोरीच्या डोक्याशी मेलेल्या पोरीच्या खुणा नकोत. मी - भुताखेतांवर हसणारा मी! माझी बायको सविता दारात येऊन उभी राहिली.

"अवो, त्या मानसाले येऊ तं द्या. उद्या तं येऊनच राह्यला तो."

"मेलेल्या लेकराच्या खुना आपल्या पोरीच्या खोलीत काऊन ठेवायच्या?"

"मंग माप तं घेऊन ठेवा. तुमच्या खिशातच हाय टेप."

होता. कापडवाला आहे मी, टेप माझ्या खिशात चोवीस तास असतो. दिवसभर मी दुसरं करतो काय, मापंच तर घेतो. दोन मिनिटांचं काम होतं. पण हात पॉलिश पेपरने भरले होते, आणि बायकोने सांगितलं म्हणून करायचं हेही जिवावर आलं. "आता घासून झालं," असं मी म्हणालो. झालं नव्हतं. वरची खूण अजून शाबूत होती. तिच्या डोळ्यांसमोर मी ती घासली. गुलाबी भुकटी माझ्या तळहातावर उतरली. मग खाचांत लप्पम, म्हणजे पुट्टी, भरलं, परत घासलं आणि पांढरा रंग मारला. सविता आत निघून गेली.

रविवारी सकाळी देवराव आले. उंच, सावळे, खाकी पँट, काखेत ब्राऊन पेपरची भली लांब गुंडाळी आणि खिशात टोक केलेली पेन्सिल. ओवीसाठी शेंगदाण्याची चिक्की आणली होती. चौकटीकडे बघून ते जागच्या जागी थांबले.

"मालकानं माणूस पाठवला होता हो," मी म्हणालो. "शुक्रवारीच रंगवून गेला. मी दुकानात होतो. मला कळलंच नाही."

देवराव पुढे गेले आणि चौकटीवरून अंगठा फिरवत वर नेला, काहीतरी चाचपत असल्यासारखा. मग त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं. पांढरा रंग लागला होता.

"वलाच हाय अजून," ते म्हणाले.

"थंडी आहे ना... वाळत नाही लवकर."

"हो. थंडी हाय."

त्यांनी रुमालाला अंगठा पुसला. चहा घेतला. ओवीला कितवीत जाणार म्हणून विचारलं. जाताना ती कागदाची गुंडाळी न्यायची विसरले, की ठेवून गेले, देव जाणे. सविताने ती उचलून कपाटावर ठेवली.

आता मुख्य गोष्ट.

आठवड्याभराने मी ओवीसाठी उंची मोजायची पट्टी केली. कापडाच्या ताग्यात आतून जाड पुठ्ठा असतो ना, तसे दोन पुठ्ठे जोडले. दुकानात त्याच सकाळी सोडलेल्या नव्या ताग्यांतले. त्यांना पांढरा रंग दिला आणि वर ज्वारीचं ताट काढलं. खाली मुळं, मध्ये पानं, टोकाला कणीस. खालचं टोक फरशीला टेकवून दारासमोरच्या भिंतीवर ठोकली. ओवीला उभं केलं आणि पेन्सिलने एक रेघ मारली. फोटो टाकला, वाहवा झाली.

तिसऱ्या दिवशी जेवायला घरी आलो तर ओवीच्या रेघेच्या जरा खाली पट्टीवर एक आडवी चीर. बोटभर लांब, धारदार चाकूने पाडावी तशी. ओवीला रागावलो. ती रडली, "मी नाई केलं, मी नाई केलं" म्हणून. मीही फार ताणलं नाही. पुढच्या दुपारी दोन चिरा होत्या. त्याच्या पुढच्या दुपारी आणखी दोन, आणि त्यांतली वरची ओवीचा टाचा उंच करूनसुद्धा हात पोचला नसता अशा जागी.

मी लप्पम भरून रंग दिला. तीनच दिवसांत चिरा परत. मी ती पट्टीच काढून टाकली आणि नवे पुठ्ठे लावले, कोरे, ताटबीट न काढता. मग आम्ही तिघं घराला कुलूप लावून दोन दिवस बेल्याला गेलो. किल्ली माझ्या खिशात होती. परत आलो तेव्हा दुपारचे बारा-साडेबारा झाले असतील, खोलीत स्वच्छ ऊन आलं होतं. कोऱ्या पट्टीवर सहा खाचा होत्या. सगळ्यात वरच्या खाचेत गुलाबी रंग होता. मी नखाने उकरला, तर नखात गुलाबी भुकटी आली. तीच, जी माझ्या तळहातावर उतरली होती.

मागे वळून मी चौकट तपासली. गुळगुळीत. लप्पम जागच्या जागी.

तुम्हाला वाटेल ओवीला कोणी दिसलं असेल, कोणाशी ती एकटीच बोलत असेल. नाही. तिला काही दिसलं नाही की ऐकू आलं नाही. ती त्या खोलीत मजेत झोपते, खेळते. थंडगार झुळूक नाही, वास नाही, काही नाही. फक्त सहा खाचा. आणि मला भीतीही वाटली नाही, हे मलाच नवल वाटतं. कोणीतरी माझं अर्धवट सोडलेलं काम पुरं करून ठेवलंय आणि मी मान खाली घालून उभा आहे, असं वाटलं.

सविताने खाचांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आता तरी फोन लावा त्याईले."

मी लावला. "भाऊ, एकदा येऊन जा. चौकटीच्या खुणांचं... आहे माझ्याकडे."

देवराव दुसऱ्याच दिवशी आले. दारातून आत आले आणि पट्टीसमोर खाली बसले, मांडी घालून. खालच्या खाचेवर बोट ठेवलं. मग वरची, मग तिच्या वरची. तिसऱ्या आणि चौथ्या खाचेत अंतर बरंच जास्त होतं. मूळ चौकटीवर असं काही होतं का, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. देवरावांचं बोट तिथे थांबलं.

"ह्या साली आमी पोळ्याले गावाले होतो," ते म्हणाले. "त्या साली खून पाडलीच नाई. तेबी तसंच ठेवलं तुमी."

मग ते उभे राहिले. गुलाबी खाचेवर त्यांनी अख्खा तळहात ठेवला, जसा आपण पोरांच्या डोक्यावर ठेवतो. बराच वेळ.

"मंजे तुमी अगोदरच उतरून घेतल्या होत्या," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "रंग लागायच्या अगोदर."

खरं सांगायची ती वेळ होती. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. सविता ऐकत होती, मला माहीत होतं. अंगठ्याला लागलेला तो ओला रंग देवराव विसरले नसणार, हेही माहीत होतं.

"हो," मी म्हणालो.

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा माणूस, आणि माझ्या हातांवर कपाळ टेकवलं. मला आयुष्यात इतकं हलकट कधीच वाटलं नव्हतं.

सविताने कपाटावरची ब्राऊन पेपरची गुंडाळी काढून दिली. तिच्यातच पट्टी गुंडाळून ते बसने उटनूरला घेऊन गेले. संध्याकाळी दिवेलागणीला फोन आला. देवराव नव्हते, त्यांची बायको होती. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.

"दादा, मी पट्टीपाशी उभी राह्यली. माह्या खांद्यालेच लागते. बराबर खांद्याले. मी मनत होती ना..." आणि त्या रडायला लागल्या. सावरल्यावर म्हणाल्या, "तुमी देवमानूस हाय दादा. तिच्या पोळ्याचा गुलाबी रंग थोडा उरला हाय माह्यापाशी. पाठवतो. तुमच्या लेकीची खून पाडान तवा त्यात भरजा."

मी "बरं ताई" म्हणालो.

त्यानंतर मी परत नवी पट्टी लावली आणि ओवीची रेघ पेन्सिलने मारली. पट्टीवर दुसरं काहीही उमटलं नाही. कोणी म्हणालं पुठ्ठा थंडीने चिरतो. चिरत असेल. पण बरोबर सहा ठिकाणी चिरतो का? न पाडलेल्या एका वर्षाची जागा सोडून? आणि गुलाबी? खूप दिवस झाले, मी याचं उत्तर शोधायचं सोडून दिलंय. सविता एवढंच म्हणते, "त्याईले खरं सांगा. नाई तं मीच सांगीन." तीनदा मी उटनूरचा नंबर लावला. तिन्ही वेळा देवरावांनी आनंदाने "बोला प्रकाशभाऊ!" म्हटलं, आणि मी ओवीच्या शाळेचं काहीतरी बोलून फोन ठेवून दिला.

रंगाची पुडी एका ड्रायव्हरबरोबर आली. वर्तमानपत्राच्या कागदात, दोरा गुंडाळून. मी ती दुकानाच्या गल्ल्याशेजारी ठेवली आहे, टेपजवळ. ओवी रोज विचारते, "बाबा, माझ्या रेघेत गुलाबी कधी भरायचा?"

तिची रेघ अजून पेन्सिलचीच आहे.